एकच सेककॉम्प फिल्टर अनेक प्रोसेसना कसा द्यायचा: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

सेककॉम्प म्हणजे प्रोसेसला कर्नलकडे कोणते सिस्टम कॉल करता येतील यावर बंधन घालणारी लिनक्सची सोय; ते बंधन सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे फिल्टर. तो लिहिणं बहुतेकांना जमतं. घोळ होतो तो पुढे, तोच फिल्टर पन्नास किंवा पाचशे प्रोसेसना लावायची वेळ आली की. प्रत्येक वर्कर सुरू झाल्या झाल्या लोड फंक्शन बोलवतो, प्रत्येकात मजकूर तोच असतो, आणि लिहिणारा धरून चालतो की आपण एकच फिल्टर वापरतोय. कर्नलच्या लेखी ते पाचशे वेगळे फिल्टर असतात: पाचशे वेळा तपासलेले, पाचशे वेळा जिटने (कर्नलमधल्या कंपायलरने) मशीन कोडमध्ये उतरवलेले, पाचशे ठिकाणी मेमरी अडवून बसलेले.

कारण साधं आहे. लिनक्सच्या सेककॉम्प कॉलला चारच कामं येतात: कडक मोड लावणं, फिल्टर लावणं, एखादी ॲक्शन (फिल्टरचा निकाल) उपलब्ध आहे का ते सांगणं आणि नोटिफिकेशनच्या रचनांचे आकार सांगणं. ‘फिल्टर लोड करून ठेव, त्याचा डिस्क्रिप्टर (तो ओळखायचा नंबर) दे, मी तो हव्या त्या प्रोसेसला लावीन’ असं पाचवं काम मेनलाइन कर्नलमध्ये नाही. कर्नलमधला तोच ऑब्जेक्ट दुसरीकडे जातो तो दोनच वाटांनी: फोर्क किंवा क्लोनमधून (नवी प्रोसेस काढणाऱ्या कॉलमधून) वारशाने, नाहीतर त्याच प्रोसेसच्या इतर थ्रेडना टीसिंक या फ्लॅगने. त्यामुळे इथे कोडपेक्षा क्रमाला किंमत आहे. प्रोसेसच्या आयुष्यात फिल्टर कोणत्या क्षणी लोड होतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

उदाहरणासाठी शिवाजीनगरच्या बाजूच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधलं ऑनलाइन जज डोळ्यांसमोर ठेवा. मुलं सी++ चे प्रोग्रॅम सबमिट करतात, एक मास्टर प्रोसेस रांग सांभाळते आणि प्रत्येक टेस्ट केससाठी एक वर्कर निघतो. साठ जणांची बॅच, प्रत्येकी वीस टेस्ट केस, आणि सगळ्यांचं सबमिट डेडलाइनच्या शेवटच्या दहा मिनिटांत. म्हणजे बाराशे प्रोसेस.

## १. आधी ठरवा: नक्की काय एक ठेवायचं आहे

‘फिल्टर पुन्हा वापरणं’ या शब्दांखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात.

पहिली, मजकूर एक ठेवणं. डॉकरची जेसन प्रोफाइल, कुबरनेटीसमधली लोकलहोस्ट प्रोफाइल, सिस्टमडीच्या युनिटमधली सिस्टमकॉलफिल्टर ही ओळ, सगळं यात येतं. धोरण एका जागी लिहिलं जातं, हा फायदा खरा आहे. पण दर कंटेनरला, दर सर्व्हिसला कर्नलमध्ये नवा ऑब्जेक्ट बनतोच. ‘डॉकर एक्झेक’ केलं तरी प्रोफाइल नव्याने लोड होते. हेल्थचेक दर दहा सेकंदांनी एक्झेक करत असेल, तर दर दहा सेकंदांनी फिल्टर बनतो आणि मोडतो.

दुसरी, बाइट एक ठेवणं. फिल्टर एकदा कंपाइल करून फाइलमध्ये किंवा मेमएफडीमध्ये (फक्त मेमरीत राहणाऱ्या फाइलमध्ये) ठेवायचा आणि प्रत्येक प्रोसेसने तेच बाइट कर्नलला द्यायचे. लिबसेककॉम्पचा (फिल्टर बनवणाऱ्या लायब्ररीचा) कंपाइल करण्याचा वेळ वाचतो आणि सगळीकडे तंतोतंत तोच फिल्टर असल्याची खात्री मिळते. कर्नलमधल्या प्रती मात्र वेगळ्याच राहतात.

तिसरी, ऑब्जेक्टच एक ठेवणं. फोर्कच्या वेळी कर्नल फिल्टरची प्रत काढत नाही, फक्त संदर्भ मोजणारा आकडा एकाने वाढवतो. बाराशे वर्कर, फिल्टर एक.

जजसाठी तिसरा प्रकार हवा. एकमेकींशी नातं नसलेल्या सर्व्हिसेससाठी दुसऱ्यावर समाधान मानावं लागतं (सातवा टप्पा).

## २. तयारी: कर्नल, लायब्ररी आणि कॉलची यादी

आधी कर्नलची आवृत्ती बघा. फिल्टर मोड आला ३.५ मध्ये (२०१२), स्वतंत्र सेककॉम्प कॉल आणि टीसिंक ३.१७ मध्ये (२०१४), लॉग आणि किल-प्रोसेस या ॲक्शन ४.१४ मध्ये, यूजर नोटिफिकेशन ५.० मध्ये. प्रॉकमधल्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये फिल्टरची संख्या ५.९ पासून दिसते. ‘हा कॉल नेहमीच चालतो’ हे लक्षात ठेवणारा बिटमॅप ५.११ पासून आहे (२०२१). ५.११ च्या आधीचा कर्नल असेल, तर फिल्टरची लांबी हा काळजीचा विषय. नंतरचा असेल तर बराच कमी.

लिबसेककॉम्प २.५ किंवा पुढची घ्या. तिच्यात ऑप्टिमाइझ गुणधर्माला २ ही किंमत दिली की नियम एकाखाली एक न लावता द्विशाखी झाडासारखे मांडले जातात. तीनशे नियमांच्या यादीत शेवटच्या कॉलला तीनशे तुलना कराव्या लागत असतील, तर झाडात नऊ-दहा लागतात.

कॉलची यादी काढायला स्ट्रेस (प्रोसेसचे कॉल नोंदवणारं साधन) वापरा, पण ‘-एफ’ लावायला विसरू नका; नाहीतर मुलं-नातवंडं सुटतात. आणि फक्त सुरळीत चालणारा प्रवास नोंदवून थांबू नका. प्रोग्रॅम कोसळला तेव्हा, मेमरी संपली तेव्हा, लॉग फाइल फिरली तेव्हा, डीएनएस अडकला तेव्हा कोणते कॉल होतात ते वेगळं नोंदवा. फिल्टरमुळे पडलेले बहुतेक वर्कर एरर हाताळतानाच पडतात, आणि तेव्हा मूळ चूकही झाकली जाते.

फिल्टरनंतर एक्झेक (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवणं) होणार असेल, तर डायनॅमिक लोडरचा खर्चही यादीत धरा. ग्लिबसीवर (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीवर) साधा ‘हॅलो’ प्रोग्रॅमसुद्धा मेनपर्यंत पोहोचण्याआधी ब्रक, एममॅप, एमप्रोटेक्ट, ओपनॲट, रीड, पीरीड६४, क्लोज, आर्च_पीआरसीटीएल, सेट_रोबस्ट_लिस्ट आणि नव्या आवृत्तीत आरसेक हे सगळं करून बसतो. मुलांचे प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक केले तर ही यादी बरीच आखडते. जजसाठी तेच करा.

तपासा: यादीत क्लोन३ आहे का? ग्लिबसी २.३४ पासून थ्रेड बनवताना आधी क्लोन३ बोलवते. त्याचे फ्लॅग एका पॉइंटरमागच्या रचनेत असतात आणि फिल्टरला पॉइंटरमागचं काही दिसत नाही. सोसायटीचा वॉचमन रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर लिहून घेतो, पिशवी उघडून बघत नाही, तसंच हे. म्हणून क्लोन३ नाकारायचा, पण ईपर्म (१) देऊन नाही, ईनोसिस (३८) देऊन. ‘हा कॉल इथे नाहीच’ असं कळलं की ग्लिबसी जुन्या क्लोनकडे वळते, आणि त्याचे फ्लॅग फिल्टरला तपासता येतात. ईपर्म मिळाला तर वळत नाही. थ्रेड बनवणं सरळ फसतं.

## ३. फिल्टर एकदाच कंपाइल करा

लिबसेककॉम्पचं एक्सपोर्ट-बीपीएफ फंक्शन जी फाइल देतं तिला हेडर वगैरे काही नसतं. आठ-आठ बाइटच्या सूचना एकामागून एक: दोन बाइट कोड, एक-एक बाइट दोन उड्यांना, चार बाइट किंमत. एका फिल्टरमध्ये जास्तीत जास्त ४०९६ सूचना, म्हणजे ३२,७६८ बाइट. आकाराला आठने भाग जात नसेल, तर फाइल अर्धवट लिहिली गेली आहे.

हेडर नसल्याने ही फाइल कोणत्या आर्किटेक्चरची आहे हे तिच्याकडे पाहून कळत नाही. नावातच घाला: ‘जज-एक्स८६-६४’, ‘जज-आर्म६४’. कारण एक्स८६-६४ वर रीड हा ० नंबर आणि राइट १. आर्म६४ वर रीड ६३, राइट ६४. आर्मवरची फाइल चुकून इंटेलच्या मशीनवर गेली तर ६३ म्हणजे यूनेम आणि ६४ म्हणजे सेमगेट.

फिल्टरच्या पहिल्या सूचनांत आर्किटेक्चरची तपासणी असेल, तर अशी फाइल लगेच प्रोसेस मारते आणि चूक पाच मिनिटांत सापडते. नसेल तर प्रकरण गंभीर आहे. एक्स८६-६४ वर ११ म्हणजे एमअनमॅप, कुठलाही फिल्टर त्याला परवानगी देणार. ३२-बिट मार्गाने आलेला ११ मात्र एक्झेकव्हीई असतो. तपासणी नसलेला फिल्टर तोही सोडतो. लिबसेककॉम्प ही तपासणी आपोआप घालते; हाताने बीपीएफ (फिल्टरच्या सूचनांची भाषा) लिहिणारेच ती विसरतात. तीच गोष्ट एक्स३२ ची (६४-बिट कर्नलवर ३२-बिट पॉइंटर वापरण्याची पद्धत): त्याचं आर्किटेक्चर एक्स८६-६४ असंच दिसतं, फक्त नंबरात तिसावा बिट चढलेला असतो. १०७३७४१८२४ किंवा त्याहून मोठा नंबर आला की नाकारा.

सावधान: रीड, राइट, फ्युटेक्स अशा सतत होणाऱ्या कॉलच्या आर्ग्युमेंटवर नियम लावू नका. फिल्टर लोड होताना कर्नल प्रत्येक कॉल नंबरसाठी तो मनातल्या मनात चालवून बघतो. फक्त नंबर आणि आर्किटेक्चर वाचून ‘परवानगी’पर्यंत पोहोचता आलं, तरच बिटमॅपमध्ये खूण होते आणि पुढे त्या कॉलला फिल्टर चालवावाच लागत नाही. एखाद्या थराने आर्ग्युमेंट वाचलं की त्या कॉलची खूण त्या थरापासून पुढच्या सगळ्या वारसांसाठी गेली.

## ४. लोड करण्याआधीचा क्रम

हा क्रम बदलू नका.

१) ऐकणारे सॉकेट, लॉग फाइल, रांगेचे डिस्क्रिप्टर उघडा.
२) टाइमझोन, लोकेल, नावं शोधणाऱ्या लायब्ररी हे ‘पहिल्यांदा लागलं की लोड होणारं’ सगळं एकदा हलवून घ्या.
३) यूजर आणि ग्रुप बदला, केपेबिलिटी (रूटचे सुटे सुटे अधिकार) सोडून द्या.
४) नो-न्यू-प्रिव्ह्ज (पुढे जास्तीचे अधिकार मिळू न देणारा फ्लॅग) चालू करा.
५) फिल्टर लोड करा.
६) मगच फोर्क.

दुसरी पायरी लोक सर्रास गाळतात. वर्करने पहिल्यांदा स्थानिक वेळ मागितली की ग्लिबसी टाइमझोनची फाइल उघडायला जाते. तेव्हा फिल्टर ओपनॲट नाकारत असेल तर एरर येत नाही, वॉर्निंगही येत नाही. ग्लिबसी निमूटपणे यूटीसी धरते. लॉगमधली वेळ साडेपाच तास मागे दिसते आणि रात्री नऊला आलेलं सबमिशन दुपारी साडेतीनचं ठरतं. डेडलाइनच्या दिवशी हे फार महागात पडतं. टीझेड व्हेरिएबलमध्ये ‘आशिया/कोलकाता’ स्पष्ट लिहा आणि लोडच्या आधी टीझेडसेट एकदा बोलवा.

तिसरी आणि पाचवी पायरी उलटी झाली तर सेटयूआयडीसाठी फिल्टरमध्ये भोक ठेवावं लागतं, आणि ते भोक सगळ्या वारसांना मिळतं.

चौथी पायरी विसरली आणि कॅप-सिस-ॲडमिन ही केपेबिलिटी हाताशी नसेल तर लोड करताना ईअ‍ॅक्सेस (१३) मिळतो. ईइनव्हॅल (२२) आला तर सूचनांची संख्या शून्य किंवा ४०९६ पेक्षा जास्त आहे, एखादी सूचना चुकीची आहे, किंवा कर्नलला माहीत नसलेला फ्लॅग दिला आहे. हे दोन आकडे पाठ असले की निम्मा डीबग संपतो.

सावधान: नो-न्यू-प्रिव्ह्जही वारशाने जातो आणि परत काढता येत नाही. पुढे एखादी स्क्रिप्ट सुडो किंवा दुसरा सेटयूआयडी प्रोग्रॅम वापरत असेल, तर ती रूट होणार नाही. स्क्रिप्ट बदला, फिल्टर नंतर लोड करण्याची पळवाट काढू नका.

## ५. कुठल्या प्रोसेसमध्ये लोड करायचा: मधली साचा-प्रोसेस

मास्टरमध्ये लोड करून फोर्क करणं सर्वांत सोपं. अडचण अशी की मास्टरलाही तोच फिल्टर लागतो, आणि मास्टरला माउंट करायचं असतं, सीग्रुप बनवायचे असतात, नेटवर्कवर बोलायचं असतं. या सगळ्याला वाव देणारा फिल्टर मुलांच्या प्रोग्रॅमसाठी निरुपयोगी.

म्हणून मध्ये एक प्रोसेस घाला. अँड्रॉइडमध्ये झायगोट हेच काम करते: अँड्रॉइड ८ पासून (२०१७) फिल्टर झायगोटमध्ये लागतो आणि तिच्यातून निघणाऱ्या सगळ्या ॲपना वारशाने मिळतो. आपल्या जजमध्ये ती अशी बसते:

मास्टर सुरुवातीलाच एक सॉकेटपेअर बनवतो आणि एकदा फोर्क करतो. ही झाली साचा-प्रोसेस. तिने चौथ्या टप्प्यातला क्रम पूर्ण करून फिल्टर लोड करायचा आणि सॉकेटवर वाट बघत बसायचं. मास्टर ‘हा प्रोग्रॅम, हे इनपुट, ही मर्यादा’ असा निरोप आणि डिस्क्रिप्टर पाठवतो. साचा फोर्क करते. निघालेला वर्कर एक्झेक करतो. बाराशे वेळा हे झालं तरी फिल्टरचा ऑब्जेक्ट तोच.

यात तीन गोष्टी बिघडतात.

साचा-प्रोसेस एकाच थ्रेडची ठेवा. फोर्कमध्ये फक्त बोलावणारा थ्रेड पुढे जातो. दुसऱ्या थ्रेडने एखादं कुलूप धरलेलं असेल तर वर्करमध्ये ते कायमचं बंद राहतं. हजारात एखादा वर्कर अडकतो, आणि असा दोष शोधायला आठवडा जातो.

वर्कर आता मास्टरची नातवंडं झाली, त्यामुळे मास्टरला त्यांच्यासाठी वेट करता येत नाही. साचानेच वेट करून निकाल सॉकेटवर कळवावा हे सोपं. साचा मध्येच मेली तर नातवंडं मास्टरकडेच यावीत म्हणून मास्टरने स्वतःला चाइल्ड-सबरीपर करून घ्यावं.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक. साचाला क्लोन, वेट४, सेंडएमएसजी, रिसीव्हएमएसजी, एक्झेकव्हीई लागतात, म्हणून ते फिल्टरमध्ये मोकळे. आणि म्हणून वर्करलाही मोकळे. त्यावर उपाय पुढच्या टप्प्यात.

तपासा: साचाच्या स्टेटस फाइलमध्ये सेककॉम्पच्या ओळीत २, फिल्टर-संख्येत १ आणि नो-न्यू-प्रिव्ह्जच्या ओळीत १ दिसायला हवं. मास्टरची फिल्टर-संख्या ० हवी. तिथेही १ असेल तर लोड फोर्कच्या आधी झाला.

## ६. वरचा पातळ थर

फोर्क झाल्यावर आणि एक्झेकच्या आधी वर्करने एक छोटा दुसरा फिल्टर लावायचा: आर्किटेक्चर तपास, नंबर वाच, क्लोन आणि सॉकेटचे दोन-चार कॉल असतील तर नाकार, बाकी सगळं सोड. दहा-पंधरा सूचना पुरतात. हा ऑब्जेक्ट प्रत्येक वर्करला वेगळा बनतो हे खरं, पण तीनशे नियमांचा मोठा थर सामायिक राहतो आणि नवीन बनतो तो चिमूटभर.

थर एकावर एक चढतात, खालचा कधीच निघत नाही. प्रत्येक कॉलला सगळे थर चालतात, नवा आधी, आणि सर्वांत कडक निकाल लागू होतो. कडकपणाचा क्रम असा: किल-प्रोसेस, किल-थ्रेड, ट्रॅप, एररनो, यूजर नोटिफिकेशन, ट्रेस, लॉग, परवानगी. त्यामुळे खालच्या थराने नाकारलेलं वरचा थर परत देऊ शकत नाही. ‘वर्करला फक्त एवढा एक कॉल जास्त हवा’ असं निघालं, तर तो पायाच्या थरात घालून बाकीच्यांसाठी वरून नाकारावा लागतो.

पायाच्या थरात सेककॉम्प कॉललाही परवानगी हवी, नाहीतर दुसरा थर चढणारच नाही. ही मोकळीक भीतीदायक वाटते, पण नव्या थराने बंधन फक्त वाढतं.

एक्झेकव्हीई मात्र वरच्या थरातही नाकारता येत नाही. तो थर एक्झेकच्या आधी लागतो. आर्ग्युमेंटच्या पत्त्यावरून ‘एकदाच’ परवानगी देण्याची युक्ती काही जण करतात. एक्झेकनंतर पत्त्यांची सगळी जागा नवी असते आणि तोच पत्ता पुन्हा वापरता येतो, म्हणून ती टाळा. माउंट नेमस्पेसमध्ये दुसरा कुठला प्रोग्रॅमच ठेवू नका, म्हणजे एक्झेक करायला काही उरत नाही.

सावधान: स्वतःलाच पुन्हा एक्झेक करणाऱ्या डेमनमध्ये लोडचा कोड सुरुवातीला असेल, तर दर रीलोडला एक थर चढतो. साखळीतल्या सगळ्या फिल्टरची मिळून मर्यादा ३२,७६८ सूचना, आणि आधीच्या प्रत्येक थरामागे चार सूचनांचा दंड. तीनशे सूचनांचा फिल्टर असेल तर शंभरेक रीलोडच्या आतच ईनोमेम (१२) येतो. मशीनमध्ये रॅम भरपूर रिकामी असते, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. लोडच्या आधी स्टेटसमधली फिल्टर-संख्या वाचा.

यूजर नोटिफिकेशनचा, म्हणजे कॉलचा निर्णय दुसऱ्या प्रोसेसवर सोडण्याचा, लिसनर साखळीत एकच चालतो. पायाच्या थरात असेल आणि वरच्यातही मागितला तर ईबिझी (१६). लिसनरचा डिस्क्रिप्टर सगळीकडून बंद झाला की नोटिफिकेशनवर सोडलेले कॉल ईनोसिस देऊ लागतात. तो धरून ठेवणारी प्रोसेस मेली तर सगळ्या वारसांवर एकदम परिणाम होतो.

## ७. थ्रेड, आणि नातं नसलेल्या प्रोसेस

टीसिंक फ्लॅग न देता लोड केलेला फिल्टर फक्त बोलावणाऱ्या थ्रेडला लागतो. सीमध्ये मेनच्या पहिल्या ओळींत लोड केलं तर निभावतं. गो किंवा जावामध्ये मेनपर्यंत पोहोचेतो रनटाइमने थ्रेड काढलेले असतात, तिथे टीसिंक लागतोच.

टीसिंक फसला तर परतावा उणे नसतो. ज्या थ्रेडमुळे फसला त्याचा आयडी, म्हणजे धन आकडा येतो. थेट सेककॉम्प कॉल करून ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ एवढंच बघणारा कोड हे यश समजतो आणि फिल्टर एकाही थ्रेडला न लागता पुढे जातो. तुलना ‘शून्य नाही’ अशी करा. फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एखाद्या थ्रेडने आधीच स्वतःचा वेगळा फिल्टर लावलेला असणं.

तपासा: प्रॉकमध्ये प्रोसेसच्या टास्क फोल्डरखाली प्रत्येक थ्रेडची वेगळी स्टेटस फाइल असते. सगळ्या बघा. वरची एक बघून फसायला होतं.

नातं नसलेल्या प्रोसेसना फक्त बाइट देता येतात. मेमएफडी बनवताना सीलिंगची (पुढचे बदल बंद करण्याची) परवानगी मागा, फिल्टर लिहा, मग लिहिणं, लहान करणं, मोठं करणं आणि नवे सील लावणं या चारही गोष्टी सील करा. डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून पाठवा. घेणाऱ्याने सील आधी तपासावेत, मग आकार, मग लोड. सील न तपासता मॅप केलं तर पाठवणारा मागाहून बाइट बदलू शकतो. बबलरॅपला (सँडबॉक्स बनवणाऱ्या साधनाला) हा डिस्क्रिप्टर थेट देता येतो. त्याच्या सेककॉम्प पर्यायाला एक्सपोर्ट केलेलेच बाइट लागतात.

सिस्टमडीच्या सर्व्हिसेसना ‘सिस्टमकॉलआर्किटेक्चर्स’मध्ये ‘नेटिव्ह’ लिहा. सिस्टमडी प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळा फिल्टर चढवतो. नेटिव्ह ठेवल्याने प्रत्येक सर्व्हिसमागे काही थर कमी होतात.

## ८. खरंच सामायिक झालाय का?

दोन प्रोसेसचा फिल्टर ऑब्जेक्ट एकच आहे का, हे थेट विचारायची सोय नाही. दोन प्रोसेसची तुलना करणाऱ्या केसीएमपी कॉलच्या प्रकारांत सेककॉम्प नाही. पीट्रेसने (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावणाऱ्या कॉलने) फिल्टरचे बाइट काढता येतात, पण बाइट सारखे असणं आणि ऑब्जेक्ट एक असणं वेगळं.

जुन्या कर्नलवर आडवाटेने मात्र कळतं. प्रॉकमधल्या व्हीएममॅलॉकइन्फो फाइलमध्ये बीपीएफ-जिटच्या नोंदी असतात. साचा सुरू झाल्यावर त्यांच्या आकारांची बेरीज करा, शंभर वर्कर उभे करून थांबवून ठेवा, पुन्हा बेरीज करा. वरचा पातळ थर बंद ठेवून मोजलं तर आकडा हलता कामा नये. वर्करगणिक वाढत गेला, तर वर्करच फिल्टर लोड करतोय.

मग नकाराची चाचणी. वर्करमधून मुद्दाम पीट्रेस आणि माउंट बोलवा, अपेक्षित एरर येतो का बघा. ही चाचणी साचातून निघालेल्या वर्करमध्येच करा.

सुरुवातीचे काही दिवस पायाच्या थराची मूळ ॲक्शन ‘लॉग’ ठेवा. नोंदी ऑडिटमध्ये १३२६ प्रकाराखाली येतात; त्यात आर्किटेक्चर, कॉल नंबर आणि ॲक्शनचा कोड असतो. ऑडिटडी चालू नसेल तर नोंदी कर्नल लॉगमध्ये जातात आणि गर्दी झाली की गाळल्या जातात. ‘लॉगमध्ये काही नाही’ म्हणजे सगळं ठीक, असं त्या वेळी धरू नका.

## ९. एरर ५२४ आला तर

‘अननोन एरर ५२४’ हा आकडा मॅनपेजमध्ये सापडत नाही, म्हणून लोक गोंधळतात. तो कर्नलच्या आतला ‘आधार नाही’ असा एरर आहे. कर्नल ‘जिट नेहमी चालू’ असा बांधला असेल आणि जिटच्या मेमरीची मर्यादा भरली असेल, तर विशेष अधिकार नसलेल्या प्रोसेसचा फिल्टर लोड होत नाही आणि हा आकडा दिसतो. फिल्टरमध्ये चूक शोधत बसू नका.

मर्यादा नेट-कोअर खालच्या बीपीएफ-जिट-लिमिट या सिस्कंट्रोलमध्ये असते. बऱ्याच मशीनवर ती २६,४२,४१,१५२ बाइट दिसते, म्हणजे ४ केबीची ६४,५१२ पानं. जुन्या कर्नलवर प्रत्येक वेगळ्या फिल्टरला किमान एक अख्खं पान लागतं, मोठ्याला तीन-चार. शेकडो कंटेनर, प्रत्येकात अनेक प्रोसेस, प्रत्येकीचा स्वतःचा फिल्टर, असं साचत गेलं की ही मर्यादा दिसते तितकी दूर नसते.

मर्यादा वाढवली की सर्व्हिस लगेच सुरू होते, आणि रात्री दोनला तेच करावं. पण वाढवण्याआधी व्हीएममॅलॉकइन्फोची बेरीज लिहून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. वर्कर मरूनही आकडा उतरत नसेल तर कुणीतरी जुना वारस जिवंत आहे: फिल्टरला धरून असलेली शेवटची प्रोसेस जाईपर्यंत त्याची मेमरी सुटत नाही.

याच कारणाने चालू साचाचा फिल्टर बदलता येत नाही. नवा फिल्टर आला की नवी साचा-प्रोसेस उभी करा, तिची फिल्टर-संख्या १ आहे हे बघा, मास्टरला नवी कामं तिकडे पाठवू द्या. जुन्या साचाचा सॉकेट बंद केल्यावर ती हातातले वर्कर संपवून जाते. ती गेल्यावर बेरीज पुन्हा मोजा. आकडा पहिल्यावर यायला हवा.